नाहीबाईंचा एक होकार

रुग्णालयात तिला समोर सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘नाहीबाई’. हे नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडतही होतं. त्या दोनशे खाटांच्या रुग्णालयात कुठल्या संगणकानं कुणाशी बोलायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, हे ती ठरवत असे. कोणी काही मागायला आलं की बहुतेक वेळा ‘नाही’ हेच ऐकून परत जात असे. घरात ती थोरली सून. आपणही तिला थोरलीच म्हणू.

थोरली मुळात लागली होती टेलिफोन बोर्डावर. जिन्याखालच्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि ‘कोण बोलतंय? कोणाकडे काम आहे?’ हे विचारल्याशिवाय एकही फोन आत जोडायचा नाही. मग एका वर्षी लेखनिकांपैकी कुणीतरी मेलमधून आलेली एक फाइल उघडली आणि रुग्णालयातले निम्मे संगणक तीन दिवस आडवे झाले. रक्ताचे रिपोर्ट कागदावर लिहून जिन्यानं वॉर्डात पोचवावे लागले. त्यानंतर फायरवॉल नावाची एक चपटी पेटी विकत आणली गेली. ती बसवणारा माणूस एक जाडजूड माहितीपुस्तक टेबलावर ठेवून निघून गेला. त्या पुस्तकाला हात लावायला कोणी तयार होईना. थोरलीनं ते घरी नेलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचून काढलं.

तिला ते पटकन उमगलं, कारण तिचं जुनं काम तेच होतं. बाहेरून आत येणारी आणि आतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट त्या पेटीतून जाते. पेटीत नियमांची यादी असते. कोण, कुठून, कुणाकडे, कशासाठी, एवढं बघत पेटी वरून खाली यादी वाचते आणि जो नियम पहिला लागू पडेल तसं वागते. यादीच्या तळाशी एकच नियम: वर ज्याला परवानगी नाही, ते सगळं बंद. हा शेवटचा नियम थोरलीचा फार लाडका. तिनं आपल्या बुद्धीनं आणखी एक केलं. नातेवाइकांचं वाय-फाय वेगळं, रुग्णांच्या नोंदी वेगळ्या, यंत्रं वेगळी, असे भाग पाडले. एका भागात कोणी शिरलाच तर दुसऱ्या भागात जायला त्याला पुन्हा त्याच पेटीसमोर यावं लागे. तेरा वर्षांत त्या यादीत सहाशे चाळीस नियम झाले. सगळे तिच्या हातचे.

आणि तेरा वर्षांत काहीही झालं नाही. हेच तिचं दुखणं होतं. डॉक्टरांनी माणूस वाचवला की पेढे येतात, पण जे झालंच नाही त्याचे पेढे कोण वाटणार?

अशात घरात धाकटी आली. दिराची बायको. याच विषयातली पदवी, दोन वर्षांचा अनुभव, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण बरेच हुशार आहोत. रुग्णालयात दुसऱ्या माणसाची जागा निघाली तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला.

“अगं, घरातलीच आहे. तुझ्या हाताखाली राहील. बाहेरचं कोणी आणण्यापेक्षा बरं.”

‘हाताखाली’ या शब्दावर थोरली भाळली. तिनं स्वतः अर्ज पुढे केला.

पहिले दोन महिने ठीक गेले. तिसऱ्या महिन्यात मेट्रन बाई एक काम घेऊन आल्या. एका म्हाताऱ्या रुग्णाची मुलगी दूरदेशी होती, तिला रोज बापाला व्हिडिओवर बघायचं होतं. वॉर्डातल्या संगणकावरून ते उघडून द्या, असं त्यांनी थोरलीला मागेच विचारलं होतं आणि तिनं ‘नाही’ म्हटलं होतं. त्यात चूक काही नव्हती, कारण त्या संगणकावर रुग्णांच्या नोंदी होत्या. धाकटीनं मात्र मेट्रनना खुर्ची दिली आणि विचारलं, “तुम्हाला नक्की काय हवंय? संगणक हवाय, की मुलगी दिसायला हवी?” मग कपाटात पडलेला एक जुना टॅब्लेट काढून नातेवाइकांच्या वाय-फायवर जोडून दिला. नोंदींना धक्का नाही आणि म्हाताऱ्याला मुलगी दिसली. मेट्रन बाईंनी सगळ्या मजल्यांवर डांगोरा पिटला. त्या दिवसापासून फोन वाजला की पलीकडून यायचं, “त्या नवीन मॅडम आहेत का?”

थोरली मोजायला लागली. सोमवारी सात वेळा, मंगळवारी नऊ वेळा. कोणी धाकटीसाठी चहा आणला तर तिला वाटे, तेरा वर्षांत मला कोणी पाणी विचारलं का? मनाशीच ती म्हणे, तो टॅब्लेट त्या कपाटात मीच ठेवला होता.

पण खरा घाव घरी बसला.

सासूबाई तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. करारी बाई. “तू नक्की करतेस तरी काय गं?” असं त्या थोरलीला अधूनमधून विचारत, आणि थोरली दरवेळी सांगे, “तुम्हाला नाही कळायचं, आई. फार तांत्रिक आहे.” एका रविवारी त्या आणि धाकटी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. थोरली शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती.

“आई, वसतिगृहात मुलींना भेटायला कोण येऊ शकायचं?” धाकटी विचारत होती.

“ज्याचं नाव यादीत, तो. वडील, भाऊ, मामा. तेही चार ते सहा.”

“आणि यादीत नसलेला?”

“फाटकातून परत. मग तो राजा का असेना.”

“आणि मुलगी बाहेर गेली, तिला सोडायला कोणी आलं, तर?”

“ती गेल्याची नोंद असायची ना. तिच्याबरोबर गेलेला माणूस तिच्याबरोबर परत फाटकापर्यंत येणार, एवढं आम्हाला माहीत असायचं.”

“तीच फायरवॉल, आई. आतल्यानं बाहेर काही मागितलं तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं. न मागता आलेल्याला यादी दाखवायची.”

सासूबाईंचे हात थांबले. “आणि मुलीनंच मागच्या खिडकीतून कोणाला आत घेतलं तर?”

“तर फायरवॉलचं काही चालत नाही,” धाकटी हसली. “मेलमधली नको ती फाइल आपल्याच माणसानं उघडली की तेच होतं. म्हणून नुसतं फाटक पुरत नाही, रात्री-अपरात्री कोण कुठे फिरतंय याच्या नोंदीही वाचाव्या लागतात.”

“अगदी बरोबर!” सासूबाई म्हणाल्या. “मी रोज सकाळी वाचायची.”

थोड्या वेळानं शेजारीण आली तेव्हा सासूबाई तिला सांगत होत्या, “आमची धाकटी रुग्णालयाची फायरवॉल सांभाळते. म्हणजे बघा, वसतिगृहाचं फाटक असतं ना...” थोरलीच्या इस्त्रीखाली नवऱ्याच्या शर्टाची कॉलर पिवळी पडली. आमची धाकटी! आणि तेरा वर्षं मी काय फाटकाबाहेर झाडू मारत होते?

“आईंना मी सांगितलं असतं तर कळलं नसतं का?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“सांगितलंस कधी?” तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. त्याचं हे खरं बोलणं तिला जास्त झोंबलं.

पुढे जुनी पेटी थकली. नवी आली, आणि नियम नव्या पेटीत नेण्याचं काम अधीक्षक डॉक्टरांनी धाकटीला दिलं. “सहाशे चाळीस नियम? निम्मे तरी मेलेले असतील,” ते सहज म्हणाले. थोरलीला वाटलं, आपल्या बाळंतपणांची कोणी थट्टा करतंय. धाकटी मात्र एकही नियम न विचारता काढत नव्हती. रोज दहा-वीस नियमांचा कागद घेऊन ती थोरलीच्या टेबलाशी यायची.

“ताई, हा एकशे चौदावा. बाहेरून कोणालाही थेट एक्स-रेच्या यंत्रापर्यंत जाता येतं, आणि यंत्राला बाहेर. कारण लिहिलेलं नाही. काढू का?”

थोरलीनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. “मी ठेवलाय म्हणजे कारण असणारच.”

“पण काय ते आठवलं तर...”

“तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे करतेय. राहू दे तो.”

धाकटी कागद घेऊन गेली. नियम राहिला. शेवटी नव्या पेटीत एकशे नव्वदच नियम गेले आणि रुग्णालयाचं काही अडलं नाही. थोरली मनातून वाट बघत होती, काहीतरी अडावं.

अडेना, तेव्हा तिनं शोधायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत धाकटी खाली गेली की थोरली डबा बाजूला सारून पेटीच्या नोंदी वाचत बसे. कोण आलं, कोण गेलं, कुणाला अडवलं, हजारो ओळी. तेरा वर्षांत तिनं नोंदी इतक्या बारकाईनं कधी वाचल्या नव्हत्या. हेव्यानं तिला जे काम करायला लावलं, ते कर्तव्यानं कधी लावलं नव्हतं. अठराव्या दिवशी, एका सोमवारी, तिला सापडलं. एक्स-रेच्या खोलीतलं यंत्र गेले तीन आठवडे भर दिवसा, मिनिटाला शेकड्यानं, जगभरच्या अनोळखी पत्त्यांवर काहीतरी पाठवत होतं.

तिला घाबरायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे छातीत उसळलं तो आनंद होता. नुसता, उघडा आनंद. तिनं नियम उघडला. नव्या पेटीत प्रत्येक नियमापुढे तो घालणाऱ्याचं नाव येत असे. नाव धाकटीचं होतं.

तिथल्या तिथे पेटीतलं ते दार बंद करून धाकटीला खालून बोलावून घेता आलं असतं. थोरलीनं दार बंद केलं, पण बोलावलं नाही. नोंदींचे सहा कागद छापले आणि मंगळवारच्या बैठकीत, अधीक्षक, मेट्रन बाई, एक्स-रेवाले, सगळ्यांदेखत ते टेबलावर ठेवले.

“नव्या पेटीत एक दार सताड उघडं राहिलं होतं. कोणीतरी बाहेरून शिरून आपल्या एक्स-रेच्या यंत्रावरून फसवे मेल पाठवत होतं. मी काल बंद केलं.” मग सावकाश, “नियम कोणी घातला ते तिथे लिहिलेलंच आहे.”

धाकटीनं कागद उचलला. नियम वाचला. तिचा चेहरा उतरला. तिनं थोरलीकडे पाहिलं. “मी बघते,” एवढंच म्हणाली.

“आता काय बघणार?” अधीक्षक कडाडले. “खुलासा लिहून द्या. तोवर पेटीला हात लावायचा नाही.”

त्या दुपारी थोरलीला जेवण फार गोड लागलं. मग सहज, आपली बाजू पक्की असावी म्हणून, ती कोठारात गेली. जुनी पेटी तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात होती, दोन दिवसांत भंगारात जाणार होती. तिनं ती सुरू केली. एक्स-रेच्या यंत्राचा नियम शोधला. एकशे चौदावा. तारीख सहा वर्षांपूर्वीची. घालणारी ती स्वतः. कारणाची जागा कोरी.

आणि तिला सगळं आठवलं. त्या दिवशी एक्स-रेचं यंत्र बंद पडलं होतं. हात-पाय मोडलेली माणसं बाकांवर ओळीनं बसली होती. यंत्रवाल्या कंपनीचा दुरुस्ती करणारा फोनवर म्हणाला, “मॅडम, दोन दिवसांपुरतं दार उघडा, मी इथे बसूनच दुरुस्त करतो. तुमच्या रुग्णालयात हे कळणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसता.” नाहीबाईंनी आयुष्यात एकदा ‘हो’ म्हटलं होतं, ते त्या एका वाक्यावर भाळून. तो कुठून येणार हेही तिनं ठरवून दिलं नाही, सगळ्यांनाच मोकळं केलं. यंत्र तासाभरात सुरू झालं, माणसं घरी गेली, आणि दार उघडंच राहिलं.

तिनं पेटी बंद करून पुन्हा खोक्यात घातली.

मंगळवार गेला. बुधवार गेला. घरात धाकटी कोणाशी बोलत नव्हती. ताट वाढून घ्यायची, खाली मान घालून जेवायची. दीर तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवायचा. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा पोरीवर सगळा डोंगर!” नवरा म्हणाला, “बिचारी.” आणि थोरलीला, काय सांगायचं, त्या ‘बिचारी’चाही हेवा वाटला. माझ्यावर वेळ आली असती तर माझा पेला कोणी भरला असता? असं ती अंथरुणावर पडून विचार करत होती, आणि दुसरीकडे हेही तिला कळत होतं की ती वेळ आलेलीच आहे, फक्त चुकीच्या ताटासमोर बसलीय.

गुरुवारी भंगारवाला जुनी पेटी घेऊन गेला. थोरली खिडकीतून बघत होती.

शुक्रवारी सकाळी अधीक्षकांनी तिला बोलावलं. “आता पुन्हा सगळं तुम्हीच सांभाळा. तुमच्या काळात असं कधी झालं नव्हतं.”

हेच वाक्य तिला इतके महिने हवं होतं. ती आपल्या टेबलाशी आली, नवी पेटी उघडली आणि एकशे नव्वद नियम वरून खाली वाचू लागली. प्रत्येक नियमाशेजारी धाकटीनं लिहून ठेवलं होतं, हे कोणी मागितलं, कशासाठी, कधीपर्यंत. एवढी नीटस यादी थोरलीनं कधी केली नव्हती. बंद केलेल्या त्या नियमाशेजारीही लिहिलेलं होतं. सोमवारी घाईत, आणि खरं तर हर्षात, तिनं नावाच्या पुढचं काही वाचलंच नव्हतं. ‘ताईंनी ठेवायला सांगितला. कारण कळलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचं.’

ओळ पुसता आली असती. पण पुसल्याचीही नोंद पेटी ठेवते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिला प्रामाणिकपणाचं भरतं आलं असं कोणी समजू नये. आधी भीती वाटली, मग लाज, आणि मग त्या दोन्हींचा कंटाळा आला. ती उठली आणि परत अधीक्षकांच्या खोलीत गेली.

“तो नियम माझा आहे. सहा वर्षांपूर्वीचा. ती काढत होती, मी काढू दिला नाही.”

अधीक्षकांनी चष्मा काढला. “मग मंगळवारी काय सांगत होतात?”

“मंगळवारी मला माहीत नव्हतं. मंगळवारी दुपारी कळलं.”

“आज शुक्रवार आहे.”

“हो,” थोरली म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा धाकटी बोळात पाण्याच्या टाकीजवळ बाटली भरत होती. थोरली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“मी सांगून आले.”

“बरं केलंत.”

“तू का नाही सांगितलंस? तुझ्याकडे तर लिहिलेलं होतं.”

बाटली भरली तरी धाकटीनं नळ बंद केला नाही. “चांगुलपणा म्हणून नाही, ताई. तुम्ही स्वतः सांगता का, ते मला बघायचं होतं. मंगळवारी वाटलं, उद्या सांगतील. बुधवारी वाटलं, उद्या. काल ती पेटी गेली तेव्हा मी आशा सोडली. सोमवारी खुलाशात सगळं लिहिणार होते.” पाणी तिच्या हातावरून ओघळत होतं. “आणि एक सांगते. तुम्ही यंत्रं आणि नोंदी वेगळ्या ठेवल्या नसत्या, तर त्या चोराच्या हाती एकूण एक रुग्ण लागला असता. तो अडला तुमच्याच भिंतीला. खुलाशात मी तेही लिहिणार होते. खरं ते खरं.”

थोरलीला यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

महिनाभरात हुकूम निघाला. धाकटी प्रमुख, थोरली तिच्या हाताखाली. सासूबाईंना धाकटीनं काय सांगितलं ते थोरलीला कधी कळलं नाही. त्या मात्र थोरलीला एवढंच म्हणाल्या, “वसतिगृहात माझ्याकडूनही एकदा एक चुकीचं नाव यादीत गेलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. तू सांगितलंस.” आणि देवघरात निघून गेल्या.

दोघी जावा एका खोलीत, समोरासमोर काम करत. कामापुरतं बोलत. धाकटीचा पहिला फतवा निघाला, की प्रत्येक नियमाचं काम अजून शिल्लक आहे का, हे त्या त्या खोलीत जाऊन विचारायचं. फोनवर नाही. एकशे नव्वद खेपा. आणि त्या घालायच्या होत्या थोरलीनं.

तेरा वर्षं ज्या खोल्या तिच्यासाठी नुसते आकडे होते, त्या तिनं पहिल्यांदा पाहिल्या. धुलाईघरातल्या यंत्रालाही आपली एक तार होती. औषधांच्या शीतकपाटाचं तापमान बाहेर कंपनीकडे जात होतं. तळघरातल्या रक्त तपासणीच्या खोलीत एक जाडजूड, टक्कल पडलेला तंत्रज्ञ होता. त्यानं तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि नळी ठेवून उभाच राहिला.

“अरेच्चा! नाहीबाई म्हणतात त्या तुम्हीच? अहो, मी नऊ वर्षं तुम्हाला घाबरतोय. मला वाटलं, सहा फूट तरी असाल.”

थोरलीची उंची पावणेपाच फूट. तिनं वर आल्यावर हे धाकटीला सांगितलं. का सांगितलं, तिलाही कळलं नाही. धाकटीनं आधी ओठ दाबून धरले आणि मग तिला आवरेना. टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच. हसताना ती फार छान दिसते, हे थोरलीला तेव्हाही टोचलंच. मग तीही हसली, आणि पुढच्या खोलीचा कागद घेऊन जिना उतरू लागली.